मालाला उठाव नसणं वेगळं, फळीवर माल नसणं वेगळं

अमेरिकेतली टार्गेट ही दुकानांची साखळी शेजारच्या कॅनडात का बुडाली, असा विषय निघाला की एक उत्तर हमखास येतं: ‘तिथली संस्कृती समजून घेतली नाही.’ हे उत्तर कुठल्याही देशातल्या कुठल्याही कंपनीला चिकटवता येतं आणि त्यासाठी त्या कंपनीबद्दल एक ओळही वाचावी लागत नाही. वर पुरावा म्हणून वॉलमार्टची जर्मनीतली फजिती जोडून दिली जाते. या दोन घटनांत साम्य एवढंच की दोन्ही कंपन्या अमेरिकी होत्या आणि दोघींनीही शेवटी गाशा गुंडाळला.

वॉलमार्टची गोष्ट बहुतेकांना पाठ असते, म्हणून भरभर सांगतो. १९९७ मध्ये तिथली एक साखळी घेतली, पुढच्या वर्षी दुसरी. आल्डी आणि लिडल या जर्मन साखळ्या आधीच तळाच्या भावात विकत होत्या. हसून स्वागत करायची पद्धत जर्मन गिऱ्हाइकांना खटकली. २००६ मध्ये दुकानं मेट्रो या जर्मन कंपनीला विकून वॉलमार्ट परत फिरलं. (त्या हसण्याचं फारच कौतुक होतं. माझ्या मते आल्डीचे भाव हेच मोठं कारण. असो.) मुद्दा असा की दुकान उघडं होतं, माल लावलेला होता, आणि तरी पुरेसं गिऱ्हाईक आलं नाही. व्यापारी भाषेत, मालाला उठाव नव्हता.

कॅनडात तसं नव्हतं. सीमेजवळ राहणारे कॅनेडियन कित्येक वर्षं गाडी काढून अमेरिकेतल्या टार्गेटमध्ये खरेदीला जात होते. मार्च २०१३ मध्ये ओंटारिओत पहिली तीन दुकानं उघडली तेव्हा लोक उत्सुकतेनं आले. आत गेले, आणि हवी ती वस्तू फळीवर नाही म्हणून परत गेले. ज्याला ‘नाकारलं’ म्हणतात, त्याची सुरुवात अशी आहे.

हा घोळ होतो त्याला कारणही आहे. मुख्यालयात बसून आकडे पाहिले तर दोन्ही रोग सारखेच दिसतात. उठाव नसला तरी विक्री कमी, फळी रिकामी असली तरी विक्री कमी. गंमत म्हणजे गोदामही दोन्हीकडे भरलेलं असू शकतं. फरक कळतो तो फक्त दुकानात उभं राहून. गोदाम भरलेलं आणि फळ्याही भरलेल्या, तर गिऱ्हाईक नको म्हणतंय. गोदाम तुडुंब आणि फळ्या रिकाम्या, तर मधला कुठला तरी दुवा तुटलाय. टार्गेट कॅनडात ही दुसरी स्थिती होती. गोदामं इतकी भरली की जादा जागा भाड्यानं घ्यावी लागली, आणि त्याच वेळी दुकानांत रिकाम्या फळ्यांचे फोटो लोक काढत होते.

तुटलेला दुवा होता नोंदींचा. अमेरिकेतली टार्गेटची जुनी यंत्रणा कॅनेडियन डॉलर आणि फ्रेंच भाषेसाठी बनलेली नव्हती, म्हणून कॅनडासाठी सॅप या सॉफ्टवेअर कंपनीची नवी यंत्रणा घेतली. हजारो वस्तूंची माहिती तिच्यात घाईघाईनं, हातानं भरली गेली. लांबीच्या जागी रुंदी, सेंटिमीटरच्या जागी इंच, एका खोक्यात किती नग याचे चुकीचे आकडे. नंतर आलेल्या सविस्तर वृत्तांतांनुसार या माहितीपैकी जेमतेम ३० टक्के बरोबर होती. अमेरिकेतल्या यंत्रणेत हेच प्रमाण ९८-९९ टक्के.

इंच-सेंटिमीटरचा किस्सा ऐकून लोक हसतात आणि पुढे जातात, पण जरा थांबा. खोक्याचं माप चुकलं की ट्रकमध्ये किती खोकी बसतील हा हिशेब चुकतो, गोदामातल्या रॅकवर ते बसेल का हेही चुकतं. नगांचा आकडा चुकला की आलेला माल आणि संगणकावरची ऑर्डर जुळत नाही. ते खोकं बाजूला ठेवायचं, कुणीतरी तपासायचं, मग पुढे पाठवायचं. अशी बाजूला ठेवलेली खोकी साठत गेली की नवा माल उतरवायला जागा उरत नाही. म्हणजे माल कॅनडात आहे, टार्गेटच्याच छताखाली आहे, पैसेही गुंतलेत, फक्त गिऱ्हाइकाच्या हाताला लागत नाही.

आणखी वाईट भाग पुढे आहे. यंत्रणेला कळतं ते काय विकलं गेलं. काय मागितलं गेलं आणि मिळालं नाही, याची नोंद कुठेच होत नाही. पंधरवडाभर फळीवर नसलेल्या वस्तूची विक्री शून्य. ते शून्य पाहून कुणीही म्हणेल, खप नाही. रोगच निदानासारखा दिसायला लागतो. त्यात माणसांनी भर घातली. वस्तू संपत आली की आपोआप मागवणारी सोय यंत्रणेत होती, आणि ती बंदही करता येत असे. ज्या वस्तूसाठी ही सोय बंद असे, ती ‘संपलेल्या’ वस्तूंत मोजली जात नसे. मग काही विश्लेषकांनी ही सोयच चक्क बंद ठेवली. अहवालात त्यांचा विभाग झकास, फळी मात्र रिकामीच. मला या सगळ्या प्रकरणातली ही गोष्ट सगळ्यात बोलकी वाटते, आणि संस्कृतीवर भाषण देणाऱ्यांपैकी एकालाही ती माहीत नसते.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. भाव अमेरिकेतल्या टार्गेटपेक्षा चढे वाटले, हे खरं. पण भरलेल्या फळीवरचा चढा भाव कमी करता येतो. जागाही अमेरिकेतल्यासारख्या ऐसपैस नव्हत्या. ‘कॅनडात अमेरिकी दुकानं चालतच नाहीत’ हे तर बोलूच नका. कॉस्टको ही अमेरिकी साखळी १९८५ पासून तिथे आहे.

आणखी एक चूक मात्र मला फार खुपते, वूलको आणि झेलर्स या कॅनडातल्या साखळ्यांबद्दलची: ‘वॉलमार्टनं वूलको घेतलं, टार्गेटनं झेलर्स घेतलं, म्हणजे तोच डाव.’ वॉलमार्टनं १९९४ मध्ये वूलकोची १२२ चालती दुकानं घेतली. टार्गेटनं झेलर्सचा धंदा घेतलाच नाही. जानेवारी २०११ मध्ये १.८२५ अब्ज कॅनेडियन डॉलर देऊन दुकानांच्या जागांचे भाडेकरार घेतले. झेलर्सची माणसं, पुरवठा, हिशेब यातलं काही आलं नाही. एवढे पैसे जागांत अडकल्यावर त्या बंद ठेवणं परवडत नाही. म्हणून दोन-चार दुकानं चालवून बघण्याऐवजी २०१३ संपेपर्यंत १२४ दुकानं उघडली. नोंदी हातानं, घाईनं का भरल्या गेल्या, याचं उत्तर त्या भाडेकरारांत आहे. पहिल्या वर्षाचा तोटा ९४ कोटी अमेरिकी डॉलरवर गेला.

२०१४ मध्ये नोंदी दुरुस्त व्हायला लागल्या आणि दुकानंही बरी दिसायला लागली. टार्गेटचे नवे प्रमुख ब्रायन कॉर्नेल यांनी नाताळच्या हंगामाची वाट पाहिली. गिऱ्हाईक आलं नाही. दीड वर्ष रिकाम्या हातानं परत गेलेला माणूस फळ्या भरल्याची बातमी ऐकून धावत येत नाही. तोवर तो दुसरीकडे जायला लागलेला असतो. आता कुठे उठाव नसण्याचा रोग सुरू झाला, आणि बहुतेक लोकांनी पाहिला तो हाच शेवटचा भाग. २०२१ च्या आधी नफा दिसत नाही, असं सांगून कॉर्नेल यांनी १५ जानेवारी २०१५ रोजी माघार जाहीर केली. तेव्हा १३३ दुकानं आणि सुमारे १७,६०० कर्मचारी होते. शेवटची दुकानं १२ एप्रिलला बंद झाली.