वेलहेडवरचे व्हॉल्व्ह आणि चोक: कोणतं काम कोणाचं

तेल-वायूच्या विहिरीच्या तोंडावर (वेलहेड) प्रवाह थांबवायचा तो गेट व्हॉल्व्हने (आत सरकणारी पट्टी, म्हणजे गेट, वाट बंद करते), आणि किती सोडायचा ते ठरवायचं चोकने (प्रवाह आवळणारं लहान छिद्र). ही कामं एकमेकांवर ढकलली की दोन्ही भाग खराब होतात. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बऱ्याच मालाचं मूळ दुखणं हेच असतं.

तळाशी केसिंग (विहिरीच्या भिंतीला आधार देणारा पाइप) धरणारं केसिंग हेड, त्यावर ट्युबिंग हेड आणि त्यात बसलेल्या हँगरला टांगलेली ट्युबिंग (तेल-वायू वर आणणारा आतला पाइप). वर ख्रिसमस ट्री, म्हणजे व्हॉल्व्हचा मनोरा: लोअर मास्टर आणि अप्पर मास्टर हे मुख्य व्हॉल्व्ह, माथ्यावर स्वॅब (वरून विहिरीत अवजार सोडण्याचा व्हॉल्व्ह), बाजूला विंग (प्रवाह बाहेर नेणारा व्हॉल्व्ह) आणि विंगपुढे चोक. लोअर मास्टर रोजच्या उघडझापीला वापरू नका. तो गळू लागला तर त्याच्या खालीच विहीर अडवल्याशिवाय बदलता येत नाही.

उघडताना आधी मास्टर, मग विंग, शेवटी चोक. बंद करताना क्रम उलटा. गेटच्या दोन्ही बाजूंचा दाब शक्य तितका समान करून मगच चाक फिरवा. गेट अर्धवट उघडं ठेवलं की वाळूमिश्रित प्रवाह फटीतून वेगाने जातो, सीट (गेट टेकते ती कडी) आणि गेटची कड कापतो. नंतर पूर्ण बंद केलं तरी व्हॉल्व्ह गळतोच. पूर्ण उघडल्यावर चाक पाव फेरा मागे घ्या. पूर्ण उघडझापीचे फेरे मोजून व्हॉल्व्हवर रंगाने लिहून ठेवा. फेरे कमी भरले तर आत वाळू किंवा मेण साचलंय असं समजा. अशा वेळी चाकाला पाइप लावून जोर करू नका.

चोकचं माप इंचाच्या चौसष्टाव्या भागात असतं: ३२ चा बीन (चोकमध्ये बसणारा छिद्राचा तुकडा) म्हणजे अर्धा इंच. १६ चा बीन झिजून २० झाला तर छिद्राचं क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त होतं, म्हणून उत्पादन आपोआप वाढल्यावर खूश होण्याआधी बीन काढून मोजा. चोकपुढचा दाब मागच्या दाबाच्या साधारण निम्म्याखाली असेल, तर पुढच्या लाइनमधले चढउतार विहिरीपर्यंत पोचत नाहीत. दाब फार उतरला की वायू थंड पडतो आणि ओलाव्यामुळे हायड्रेटचा (पाणी आणि वायू मिळून झालेला) बर्फासारखा गोळा बसतो. तिथे चोकच्या आधी मेथॅनॉल सोडावं किंवा हीटर लावावा.

सेफ्टी व्हॉल्व्ह हवेच्या किंवा तेलाच्या दाबाने उघडा राहतो. दाब गेला की स्प्रिंग तो बंद करते. वायरलाइनच्या (तारेने विहिरीत अवजार सोडण्याच्या) कामासाठी लावलेली लॉक-ओपन कॅप, म्हणजे व्हॉल्व्ह उघडाच अडकवून ठेवणारी टोपी, काम संपताच काढा. ती तशीच राहिली तर आगीतही तो व्हॉल्व्ह मिटणार नाही.

रिंग गॅस्केट (फ्लँजच्या, म्हणजे नट-बोल्टने जोडायच्या चकत्यांच्या, मधली धातूची कडी) दाबून बसते, म्हणून एकदा उघडली की नवीनच. तिचे प्रकार आर, आरएक्स आणि बीएक्स. आर आणि आरएक्स रिंगच्या फ्लँजमध्ये थोडी फट राहणारच. ती मिटवायला नट आवळत बसू नका. बीएक्सच्या फ्लँजचे चेहरे मात्र टेकायला हवेत. नट समोरासमोरच्या जोडीने, टप्प्याटप्प्याने आवळा. मुंबई हायसारख्या समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर खाऱ्या हवेने स्टड (फ्लँजचे बोल्ट) गंजून अडकतात. लेप लावूनच बसवा.

ऑर्डर देताना बोअर, दाबाची श्रेणी (२०००, ३०००, ५०००, १०,००० पीएसआय वगैरे), तापमान आणि मटेरियल क्लास, पीएसएल (मालाच्या तपासणीची पातळी) आणि वायूत हायड्रोजन सल्फाइड आहे का, हे कळवा. शेवटची माहिती राहिली तर आम्ही भाव देत नाही.