डोळे आलेत की युव्हिआयटिस झालाय?

पावसाळ्यात डोळा लाल दिसला की घरचे, शेजारचे, ऑफिसातले सगळ्यांचं निदान एकच: डोळे आले. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. २०२३च्या जुलैत आळंदीत साथ पसरली, तेव्हा वेगळी शंका घ्यायला कुणाला कारणच नव्हतं. पण अशा लाल डोळ्यांत एखादा डोळा युव्हिआयटिसचा, म्हणजे आतून सुजलेला असतो आणि तोच नेमका उशिरा सापडतो.

डोळे येतात तेव्हा सूज वरवरची असते, पांढऱ्या भागावरच्या आणि पापणीच्या आतल्या पातळ पडद्याला. बहुधा विषाणूमुळे. डोळा खुपतो, पाणी गळतं, सकाळी चिपडांनी पापण्या चिकटतात, आज एक डोळा, उद्या दुसरा, परवा धाकटी बहीण. चिपडं पुसली की नजर बहुधा स्वच्छ असते. आठ-पंधरा दिवसांत प्रकरण मिटतं.

युव्हिआयटिसमध्ये सूज डोळ्याच्या आत असते. पुढच्या भागाचा युव्हिआयटिस अचानक उठला की सहसा एकच डोळा लाल होतो, आणि लाली बुबुळाभोवती कड्यासारखी दाटते. चिपडं नसतात. ठणका खोलवर लागतो, नजर धूसर होते, उजेड सोसत नाही. चांगल्या डोळ्यावर बॅटरी मारली तरी कळ दुसऱ्या डोळ्यात उठते, कारण दोन्ही बाहुल्या एकदमच आकसतात. स्लिट लॅम्पची, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाची, बारीक तिरीप तिरकी टाकली की आतल्या पाण्यात पेशी तरंगताना दिसतात, कवडशात धूळ दिसावी तशा. दुर्लक्ष झालं तर बाहुलीची कड मागच्या भिंगाला चिकटते आणि बाहुली वेडीवाकडी होते. ती चिकटू नये म्हणूनच बाहुली रुंदावणारे होमॅट्रोपिन किंवा अ‍ॅट्रोपिनचे थेंब देतात. त्यांनी जवळचं धूसर दिसतं, आणि नेमकं तेच औषध लोक परस्पर बंद करतात.

यापुढचा प्रश्न पेशंटला चक्रावून टाकतो: ‘सकाळी कंबर आखडते का?’ डोळ्याच्या डॉक्टरांना कंबरेशी काय करायचंय? करायचंय. तरुण वयात सुरू झालेली, पडून राहिल्यावर वाढणारी आणि हालचालीने सुटणारी कंबरदुखी ही अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिसची, म्हणजे मणक्यांच्या संधिवाताची खूण असू शकते. या आजाराच्या साधारण चारांतल्या एकाला कधी ना कधी युव्हिआयटिस होतो. ‘बसून काम करतोस म्हणून’ अशी बोळवण झालेल्या पाठीचं खरं निदान कित्येकदा डोळ्यामुळे होतं. रक्तात एचएलए-बी२७ ही या आजाराशी जोडलेली आनुवंशिक खूण तपासतात ते यासाठीच.

आपल्याकडे क्षयाचाही विचार करावाच लागतो, म्हणून छातीचा एक्स-रे. सारकॉइडोसिस (अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होणारा आजार), सिफिलिस हेही यादीत असतात. आणि लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुतामुळे दूषित झालेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस. १९९३च्या पुरानंतर मदुराईत लेप्टोमुळे झालेल्या युव्हिआयटिसचे खूप रुग्ण दिसले होते. ताप उतरून काही आठवडे, कधी महिने लोटल्यावर डोळा लाल होतो. पुराच्या पाण्यातून चालल्याचं तोवर पेशंट विसरलेला असतो, डॉक्टरांनी विचारल्याशिवाय सांगत नाही.

सगळा घोळ होतो तो मेडिकलमधून आणलेल्या स्टेरॉईडच्या ड्रॉपने. युव्हिआयटिसवर स्टेरॉईडच देतात हे खरं, पण कारण तपासून, डोळ्याचा दाब मोजत, हळूहळू कमी करत. परस्पर घातलं तर लाली दोन दिवसांत ओसरते आणि आतली सूज तशीच राहते. लाली नागिणीच्या जातीच्या विषाणूची असेल, तर बुबुळावरची जखम चिघळते.

लहान मुलांत मात्र ही सगळी तुलना कोलमडते. सांधे सुजणाऱ्या बालसंधिवातात युव्हिआयटिस होतो तेव्हा डोळा बहुतेकदा लाल होत नाही, दुखत नाही, मूल तक्रारही करत नाही. गुडघा सुजलेल्या चार वर्षांच्या मुलीचे पांढरेशुभ्र डोळेही स्लिट लॅम्पखाली तपासावे लागतात, आणि धोका जास्त असेल तर दर तीन महिन्यांनी.