घरचा कॅमेरा बाहेरून पाहणे

घरातल्या राऊटरला जोडलेल्या कॅमेऱ्याचे चित्र परगावाहून मोबाइलवर दिसावे म्हणून करायची जोडणी. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात तिची गरज जास्त करून दोन प्रकारच्या घरांना पडते. एकात मुले पुण्याला नाहीतर गोव्यात आणि आई-वडील गावात. दुसऱ्यात माणसे गावात, पण मोटर आणि गोठा शिवारात.

अडचण पत्त्याची असते. राऊटर कॅमेऱ्याला १९२.१६८ ने सुरू होणारा खासगी पत्ता देतो आणि तो घरापुरताच चालतो. बाहेरून दिसतो तो राऊटरचा सार्वजनिक पत्ता, पण आता कित्येक घरांना तोही स्वतःचा मिळत नाही. आयपीव्ही४ (इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे) पत्ते अपुरे पडल्याने कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. म्हणून काही विकत घेण्याआधी राऊटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी, म्हणजे राऊटरला बाहेरून मिळालेला पत्ता, पाहावा आणि आपला आयपी सांगणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडावा. दोन्ही सारखे असतील तर पत्ता आपला. राऊटरवर १००.६४ ते १००.१२७ यांमधला पत्ता दिसला तर सीजीनॅट समजावे. मग राऊटरचे पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याची क्रमांकाची दारे, कितीही उघडले तरी बाहेरचा माणूस आत पोचत नाही. १९२.१६८ दिसला, तर बहुधा केबलवाल्याने बसवलेल्या फायबरच्या डब्यामागे आपला दुसरा राऊटर लागलेला असतो. तो डबा ब्रिज मोडवर टाकून घ्यावा, म्हणजे तो स्वतः पत्ते न वाटता नुसता जोड देतो.

पोर्ट फॉरवर्डिंग ही जुनी पद्धत. मॅक क्रमांक (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) धरून कॅमेऱ्याचा पत्ता कायम करायचा, राऊटरचा एक पोर्ट कॅमेऱ्याच्या ५५४ या चित्राच्या पोर्टकडे वळवायचा आणि सार्वजनिक पत्ता बदलता असेल तर डीडीएनएसचे, म्हणजे बदलत्या पत्त्यामागे आपोआप जाणारे, नाव घ्यायचे. चालते, पण कॅमेरा असा थेट उघडा करू नये. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने कारखान्यातला पासवर्ड तसाच ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर शोधून ताब्यात घेतले, आणि त्यांच्या जोरावर ऑक्टोबरमध्ये डाइन या डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या) कंपनीवर हल्ला झाला. राऊटरमधले यूपीएनपीही बंद ठेवावे, नाहीतर कॅमेरा कोणाला न विचारता स्वतःच दार उघडू शकतो.

क्यूआर कोड स्कॅन करून कंपनीच्या ॲपवर पाहणे सर्वांत सोपे. कॅमेरा स्वतः कंपनीच्या सर्व्हरला जाऊन भेटतो, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. मात्र भरवसा त्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. खटपट नको असणाऱ्यांनी हाच मार्ग धरावा, पण खात्याचा पासवर्ड वेगळा आणि लॉगिन ओटीपीसह असावे.

जाणकाराला व्हीपीएन, म्हणजे घरापर्यंतचा कूटबद्ध खासगी बोगदा, बरे. घरातल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर वायरगार्ड हे व्हीपीएनचे सॉफ्टवेअर बसवायचे. पत्ता आपला असेल तर राऊटरवर एकच यूडीपी पोर्ट, रूढ ५१८२०, पायकडे वळवायचा. सीजीनॅट असेल तर सार्वजनिक पत्त्याचा एक छोटा भाड्याचा सर्व्हर मध्ये ठेवायचा आणि पायने त्याला दर २५ सेकंदांच्या कीपअलाइव्हने (जोडणी जिवंत ठेवणाऱ्या छोट्या संदेशाने) धरून ठेवायचे. टेलस्केलसारखी सेवा हेच काम आयते करते. इथे एक चूक फार होते: गावचे वायफाय आणि पुण्याच्या खोलीतले वायफाय दोन्ही १९२.१६८.१ वर असतात. मोबाइल मग कॅमेरा त्या खोलीतच शोधत बसतो. गावच्या राऊटरला सुरुवातीलाच १९२.१६८.३७ सारखी आडवळणाची मालिका द्यावी. चाचणी वायफाय बंद करून मोबाइल डेटावर घ्यावी. घरच्या वायफायवर दिसले म्हणजे बाहेरून दिसेलच असे नाही.

शिवारात फायबर नसेल तर सिमचा ४जी कॅमेरा लावतात. तिथे सीजीनॅट धरूनच चालावे. बाहेरून पाहताना सबस्ट्रीम, म्हणजे कॅमेऱ्याचे कमी डेटाचे हलके चित्र, निवडावी: ५१२ केबीपीएसला तासाला सुमारे २३० एमबी लागतात, म्हणजे दीड जीबीच्या रोजच्या पॅकमध्ये साडेसहा तास. मुख्य स्ट्रीम २ एमबीपीएसची असेल तर अखंड रेकॉर्डिंगला दिवसाला २१.६ जीबी लागतात. १२८ जीबीचे कार्ड सहा दिवसही पुरत नाही.

दिवसा नीट चालणारा कॅमेरा रात्री वारंवार रीस्टार्ट होत असेल तर दोष इंटरनेटचा नसतो. अंधार पडला की इन्फ्रारेड दिवे लागतात, करंट जास्त ओढला जातो, आणि १२ व्होल्टच्या लांब बारीक वायरीत व्होल्टेज पडते. पीओईवर, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज दिली तर, १०० मीटरपर्यंत जाता येते, पण केबल अस्सल तांब्याची हवी. स्वस्त केबलमध्ये तांब्याचा नुसता मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असते. खानापूरकडच्या पावसात आरजे४५ची (नेटवर्क केबलच्या टोकाच्या प्लगची) जोडणी उघडी राहिली तर पिना हिरव्या पडतात. ती बंद डब्यात ठेवावी आणि डब्यात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाते. काचेपुढे कोळ्याने जाळे विणले की रात्री सगळे चित्र पांढरे होते आणि हालचालीच्या सूचनांचा पाऊस पडतो. फडके मारले की काम झाले.

लाइट गेली तर राऊटर, फायबरचा डबा आणि कॅमेरा तिघांनाही यूपीएस हवा. एकट्या कॅमेऱ्याला देऊन उपयोग नाही. लाइट परतल्यावर काही कॅमेऱ्यांचे घड्याळ १९७० वर जाते आणि त्या रात्रीचे रेकॉर्डिंग शोधूनही सापडत नाही. एनटीपी (इंटरनेटवरून वेळ जुळवणारी सोय) चालू करून टाइम झोन +५:३० ठेवावा. जुन्या रास्पबेरी पायमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. त्याची वेळ मागे पडली तर वेळ दुरुस्त होईपर्यंत समोरचे वायरगार्ड त्याला दाद देत नाही.