मुंगळ्यांना प्रोटीन मिळतं कुठून? थोडी पार्श्वभूमी

चवळीच्या शेंड्यावर काळा मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, पडला की मागोमाग मुंगळे हजर. मिश्यांनी माव्याला हळूच टोचायचं, त्याच्या मागून गोड थेंब आला की पिऊन टाकायचा आणि पुढच्या माव्याकडे जायचं, दिवसभर हेच. आता हा गोड थेंब, म्हणजे चिकटा, बहुतेक साखरपाणीच, त्यात प्रोटीनला लागणारा नायट्रोजन नावापुरता, मग एवढं मोठं वारूळ पोसतात कशावर?

उत्तराचं एक टोक १८८० च्या दशकातच सापडलं होतं. फ्रीडरिश ब्लॉखमन या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाला मुंगळ्यांच्या जातकुळीतल्या मुंग्यांच्या आतड्याच्या पेशींत आणि अंड्यांत बॅक्टेरियासारखं काहीतरी ठासून भरलेलं दिसलं, पण ते तिथे करतंय काय हे कळायला पुढची शंभरेक वर्षं गेली. अंड्यात असल्यामुळे हे बॅक्टेरिया आईकडून पोरांकडे आपोआप जातात. पुढे या बॅक्टेरियांना त्याचंच नाव दिलं, ब्लॉखमानिया.

दुसरं टोक जंगलात होतं. पावसाळी जंगलांत झाडांच्या शेंड्यांवर मुंग्या इतक्या निघायच्या की सगळ्याच शिकार करून जगतात म्हटलं तर तेवढी शिकारच तिथे नाही! २००३ मध्ये पेरू आणि ब्रुनेईतल्या मुंग्यांच्या अंगातला नायट्रोजन तपासला तेव्हा दिसलं की यातल्या बऱ्याच जणी जवळपास शाकाहारी आहेत, झाडांचे रस आणि चिकटा यावरच भागवतात.

त्याच वर्षी ब्लॉखमानियाचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, हाही वाचून झाला. जेमतेम ७ लाख अक्षरांचा, बाकी बरंच गळून गेलेलं, पण मुंगळ्याला लागणारी अमिनो आम्लं (प्रोटीनच्या विटा) बनवायचे जीन्स मात्र शाबूत, शिवाय युरिया फोडून त्यातला नायट्रोजन परत वापरायची सोयसुद्धा. मला विचाराल तर सगळ्यात भारी भाग हाच. २००७ मध्ये नायट्रोजनवर खूण केलेला युरिया मुंगळ्यांना खाऊ घातला तर तोच नायट्रोजन त्यांच्या अमिनो आम्लांत सापडला, आणि अँटिबायोटिक देऊन बॅक्टेरिया मारले की पिल्लं कमी वाढली.

युरिया लघवीतही असतो. आपल्याकडे लघवीला मुंग्या लागल्या की लोक लगेच शुगरची शंका घेतात, आयुर्वेदातही मधुमेहाची ही खूण आहेच. पण ऑस्ट्रेलियाच्या कांगारू बेटावरच्या, २०२० मध्ये छापून आलेल्या प्रयोगात याच जातकुळीतल्या मुंग्या युरिया जितका जास्त तितक्या जास्त जमल्या, आणि साखरपाण्याकडे त्यामानाने कमी गेल्या. तेव्हा शुगर लॅबमध्येच तपासा.