रस्त्यांच्या जाळ्याची जोडणी

शहरातले रस्ते एकमेकांना किती ठिकाणी मिळतात आणि एका जागेहून दुसरीकडे जायला किती वाटा असतात, याचे माप म्हणजे रस्त्यांच्या जाळ्याची जोडणी. ते मोजायची एक सोपी रीत म्हणजे प्रत्येक ठिकाणी किती रस्ते मिळतात ते पाहणे. चौकात चार रस्ते मिळतात, तिठ्यावर तीन, बंद गल्लीच्या टोकाला एकच. नव्या वस्त्यांत चौक कमी आणि बंद टोके जास्त होऊ लागली, की शहराची वाढ विस्कळीत होते आहे असे मानतात.

वाढत्या शहरात ही जोडणी कशी बदलते, ते पुण्यातल्या पत्त्यांवरूनही कळते. जुन्या पत्त्यात घरक्रमांक आणि पेठ एवढेच असते. पेठांतले रस्ते अरुंद आहेत, पण बोळांनी एकमेकांत गुंफलेले. तुळशीबागेतल्या राममंदिराच्या आवारात एका रस्त्याने शिरून दुसऱ्या रस्त्याला निघता येते. डेक्कन, शिवाजीनगरकडे पत्त्यात ‘एफ. पी. नंबर’ येतो. एफ. पी. म्हणजे फायनल प्लॉट, नगररचना योजनेतला अंतिम भूखंड. अशा योजनांना मुंबई प्रांतात १९१५ च्या कायद्याने आधार मिळाला. जमिनी एकत्र धरून आधी रस्ते आखायचे आणि उरलेली जागा नव्या आकारात मूळ मालकांना परत द्यायची, ही त्यांची पद्धत.

त्याहून बाहेरच्या भागात पत्ता ‘स. नं.’ ने, म्हणजे शेताच्या सर्व्हे नंबरने सुरू होतो. इथे रस्त्याआधी इमारत आली. वाटण्या होऊन शेतांच्या लांबट पट्ट्या झालेल्या. एकेका पट्टीवर एकेक सोसायटी उभी राहिली, तिचा रस्ता बांधापर्यंत गेला आणि बांधाच्या जागी भिंत आली. शेजारच्या सोसायटीतले वाळत घातलेले कपडे गॅलरीतून दिसतात, पण तिथे जायला मुख्य रस्त्यावर येऊन वळसा घालावा लागतो. शाळेची बस, पाण्याचा टँकर, रुग्णवाहिका सगळी त्याच एका रस्त्यावर. विकास आराखड्यात जोडरस्ता असतो, पण मधली एखादी जमीन ताब्यात आली नाही की तो तिथेच तुटतो. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी बांधकामे आधीच झाली होती.

हा प्रश्न पुण्यापुरता नाही. अमेरिकेत न्यू जर्सीतील रॅडबर्न वसाहतीत १९२९ पासून बंद गल्ल्या मुद्दाम आखल्या गेल्या, मुलांना गाड्यांपासून जपण्यासाठी. तिथे चालणाऱ्यांसाठी वेगळ्या पायवाटा होत्या. पुढच्या उपनगरांनी बंद गल्ल्या उचलल्या, पायवाटा बहुतेक ठिकाणी सोडून दिल्या. १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर अमेरिकेतल्या नव्या रस्त्यांची जोडणी पुन्हा सुधारू लागली.

इमारत पाडून नवी बांधता येते, रस्त्याची आखणी मात्र सहसा बदलत नाही, कारण तिच्या दोन्ही बाजूंना मालकीहक्क पक्के झालेले असतात. म्हणून शेत बिगरशेती होण्याआधीचा काळच निर्णायक असतो. पुण्याजवळच्या म्हाळुंगे-माण परिसरात महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने नगररचना योजनेची तीच जुनी पद्धत पुन्हा हाती घेतली आहे.