अंगठ्याची ठेच की नखाखालचा नवा तीळ?

आमचे मामा कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, अनवाणीच फिरतात. मागच्या चवथीला सोप्यावर पाय पसरून बसले होते, तेव्हा उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली काळा डाग दिसला. "फातर (दगड) लागला असेल," म्हणाले आणि पानाला चुना लावायला घेतला. कधी लागला, ते मात्र आठवेना.

नखाखाली साकळलेलं रक्त आणि नखाखाली उगवलेला मेलेनोमा, म्हणजे तिळाच्या पेशींचा कर्करोग, या दोन्हींचा रंग एकसारखा काळपट असू शकतो. रंगावर जाऊ नये. बघायचं ते डाग पुढे सरकतो की नाही. रक्त नखाला खालून चिकटलेलं असतं. नख वाढलं की तेही पुढे जातं आणि मागे कातडीलगत स्वच्छ नखाची कोर उघडी पडते. रंग तयार करणाऱ्या पेशी मात्र नखाच्या मुळाशी बसलेल्या असतात. त्या वाढत्या नखात रंग ओततच राहतात, म्हणून मुळापासून टोकापर्यंत उभी पट्टी दिसते आणि मागची बाजू मोकळी होतच नाही.

मामांच्या अंगठ्याशेजारी मोजपट्टी धरून मी फोटो काढला. दिवाळी उलटल्यावर पुन्हा काढला. मागे तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढं पांढरं नख आलं होतं. फार नाही, पण पायाचं नख असंच आळशी: हाताचं महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी. अंगठ्याचं नख पूर्ण बदलायला 12 ते 18 महिने लागतात. मामांचं रक्तच होतं. पण नखाखालची गाठसुद्धा कधीकधी रक्त सांडते, त्यामुळे लागल्याचं आठवत नसेल आणि डाग हलत नसेल, तर मोजपट्टी ठेवून द्यावी आणि डॉक्टर गाठावा.

हे ऐकून मामी घाबरल्या. त्यांच्या पाच-सहा बोटांच्या नखांवर तरुणपणापासून फिकट तपकिरी रेघा आहेत. आपल्या सावळ्या कातडीत अशा बऱ्याच नखांवरच्या जुन्या रेघा नेहमीच्याच. खटकायला हवी ती एकाच नखावरची, मोठेपणी आलेली, रुंद होत जाणारी पट्टी, त्यातही हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यावरची. आणि काळा रंग नखाबाहेर कातडीवर उतरला, किंवा तिथेच नख चिरलं, तर अजिबात थांबू नये.

गोव्यात हणजुणेच्या किनाऱ्यावरच्या शॅकवर ज्याचं चित्र हमखास दिसतं त्या गायक बॉब मार्लीला हाच आजार झाला होता. पायाच्या अंगठ्याची फुटबॉलमधली दुखापत समजली गेली; 1977 मध्ये मेलेनोमाचं निदान झालं आणि 1981 मध्ये तो 36 व्या वर्षी गेला. भारतात मेलेनोमा एकूण दुर्मीळच, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळव्यावर, तळहातावर किंवा नखाखाली. या प्रकाराचा उन्हाशी फारसा संबंध नसतो, म्हणजे "मी समुद्रावर जातोच कुठे" हे म्हणणं इथे कामाचं नाही. तळव्यावरचा साधा तीळ बहुतेकदा कातडीच्या बारीक चरांमध्ये रंगतो, मेलेनोमा त्यांच्यामधल्या उंचवट्यांवर. साध्या डोळ्यांना हे कळत नाही. डॉक्टरांच्या डर्मोस्कोपखाली, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाखाली, कळतं.

बाकी अंगावर तिशीपर्यंत नवे तीळ येतच राहतात. चाळिशीनंतर एखादा नवा आला आणि तो इतर तिळांच्या पंगतीत बसत नसेल, तर दाखवून घ्यावा. कडा वेड्यावाकड्या, दोन-तीन रंगांची सरमिसळ, 6 मिलिमीटरहून मोठा, काही आठवड्यांत बदललेला, किंवा उगाच रक्त येणारा, असंही काही असेल तर दाखवावाच. आधीपासून असलेल्या तिळाकडेच डोळे लावून बसण्यात अर्थ नाही, कारण बहुतेक मेलेनोमा कोऱ्या कातडीवरच उगवतात.

चुना, केसाची गाठ, भोवरीची पट्टी यातलं काही लावू नये. डाग पुसट होतो आणि तपासणाऱ्याची पंचाईत होते. "सुरी लागली की पसरतं" म्हणून तुकडा तपासायला लोक कचरतात. तसं होत नाही. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जा किंवा गावातल्या त्वचारोगतज्ज्ञाकडे. जाताना नेलपॉलिश काढा, जुने फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि दुखरा असेल तो एकच नव्हे, दोन्ही पाय दाखवा.