सर्वांत जुनं खरेदीखत म्हणजे घराचं वय नव्हे

शहरातल्या जुन्या प्लॉटचे कागद काढले, त्यात सर्वांत मागचं खरेदीखत समजा १८८७ सालचं निघालं, की लगेच ‘घर १८८७ चं’ असं सांगितलं जातं. हा समज पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे, पण तो चूक आहे. जागेचा हक्क कोणाकडून कोणाकडे गेला, एवढंच खरेदीखत सांगतं. जागेवर काय उभं होतं, ते कित्येक खतांत लिहिलेलंच नसतं.

शोध आजच्या मालकापासून मागे न्यायचा. ‘ही मिळकत अमुक तारखेच्या दस्ताने मिळाली’ असं वाक्य खतात बहुधा असतं. ते धरून आधीचा दस्त काढायचा. साखळी तुटते ती बहुतेकदा वारसाहक्कापाशी. तिथे मृत्युपत्र किंवा वाटणीपत्र शोधावं लागतं.

चतुःसीमा, म्हणजे जागेच्या चारही बाजूंना काय आहे याचं खतातलं वर्णन, मात्र शब्दन्‌शब्द वाचा, खरा खजिना तिथेच आहे. एका खतात ‘पूर्वेस मोकळी जागा’ आणि पुढच्यात ‘पूर्वेस अमक्याचं घर’ असेल, तर शेजारचं घर या दोन तारखांच्या मधलं असण्याची दाट शक्यता. म्हणून शेजाऱ्यांची खतंही काढा. तुमच्या घराचा उल्लेख त्यांच्या चतुःसीमेत सापडतो.

किंमत एकदम चौपट झाली म्हणजे घर बांधलं, असाही तर्क करतात. आधी क्षेत्रफळ ताडून पाहा, कदाचित लगतचा तुकडा जोडला गेला असेल. मग करआकारणीच्या नोंदी आणि जुने नकाशे बघा: इमारत पहिल्यांदा जिथे दिसते, त्याआधी ती बांधलेली असते.